तिथी बघून अलिबाग: पहिल्यांदा जाणाऱ्या मुंबईकरासाठी

पहिल्यांदा अलिबागला गेलो तेव्हा दुपारी बरोबर तीन वाजता किनाऱ्यावर पोचलो होतो. समोर कुलाबा किल्ला, हात लांब केला तर बुरूज हाताला लागेल इतका जवळ, आणि मधे छातीभर पाणी. किल्ल्यात चालत जाता येतं असं दादरला सगळ्यांनी सांगितलं होतं. कधी जाता येतं, ते कोणीच सांगितलं नव्हतं. वाळूत जाळं निवडत बसलेल्या एका मावशींना विचारलं, तर त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "आज चवथ ना रे? तीन वाजता भरायचंच ते. सकाळी यायचं होतंस."

चवथ आणि तीन वाजता यांचा संबंध तेव्हा कळला नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या घरातल्या आजींनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभं करून समजावला, आणि त्यानंतरची माझी प्रत्येक अलिबाग-वारी त्याच हिशोबावर झाली. म्हणून आधी तोच सांगतो. लाँचचं तिकीट, राहायची जागा, काय बघायचं, सगळं त्यानंतर.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. षष्ठी असेल तर साडेचारला भरती आणि सव्वादहाला ओहोटी. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. यामागचं कारण सोपं आहे: चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टकही बघावं. पण लोकलमध्ये उभ्या उभ्या "पुढच्या महिन्यातला कुठला शनिवार?" ठरवायला पाऊणपट पुरते.

आता यातली खरी मेख. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आजूबाजूला उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. सप्तमी, अष्टमी, नवमीला भांग असतो: पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. अष्टमीला ओहोटी ऐन बारा वाजता येते, सहलीला अगदी सोयीची, म्हणून लोक फसतात. वेळ बरोबर असते, पण वाट पूर्ण उघडत नाही.

म्हणून चालत किल्ल्यात जायचं तर दोनच गाळे धरा. प्रतिपदा ते पंचमी, कुठल्याही पक्षातली, सकाळी साडेसहा ते दहाच्या दरम्यान. किंवा द्वादशी ते चतुर्दशी, दुपारी तीन ते साडेचारच्या सुमारास. मला सकाळ आवडते, कारण ऊन चढायच्या आत परतता येतं, आणि दुपारच्या गाळ्यात किल्ला बंद व्हायची वेळही पाठीशी लागते.

मुक्काम गावात, शहरात नाही

अलिबाग शहरात लॉज भरपूर आहेत. तिथे राहू नका. शहरातून मुरुडकडे जो रस्ता जातो त्यावर ओळीने आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं लागतात, आणि आक्षीपासून रेवदंड्यापर्यंत सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आत आहे. यांपैकी कुठल्याही गावात वाडीतलं घर बघा. माझं मत विचाराल तर नागाव आणि चौलच्या मधलं. नागावच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी बनाना बोटी आणि पॅरासेलिंगची जत्रा असते, तिच्यापासून जरा दूर असलेलं बरं.

वाडी म्हणजे नारळी-पोफळीचं आगर आणि त्यात कौलारू घर. पुढे पडवी, मागे विहीर. फोनवर खोलीचं भाडं विचारता तसं जेवणाचंही विचारा, कारण बहुतेक ठिकाणी माणशी जेवणासकट दर असतो आणि तोच परवडतो. मासे हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगा. सकाळी बाजारात काय येईल ते त्यांच्याही हातात नसतं, त्यामुळे "पापलेटच पाहिजे" असा हट्ट धरू नका. जिताडा मिळाला तर दुसरं काही मागू नका.

वाडीत वागायच्या दोन गोष्टी. झाडाखाली पडलेली सुपारी उचलून खिशात घालायची नाही, ते त्यांचं पीक आहे. आणि फोटो काढायला नारळाखाली फार वेळ उभं राहायचं नाही. हा विनोद नाही. रात्री धप्पकन आवाज आला की कळेल. वीज कधीही जाते, बॅटरी जवळ ठेवा.

जायचं कसं

गेटवेवरून मांडव्याला लाँच आणि कॅटमरान जातात, साधारण तासाभराचा प्रवास. पीएनपी, मालदार, अजंठा या नेहमीच्या सेवा. यांतल्या काहींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तेव्हा तिकीट काढतानाच विचारा आणि ते तिकीट समुद्रात फेकू नका. बस लाँचच्या प्रवाशांसाठीच थांबते आणि भरली की निघते. धक्क्यावर चहा-वडापावसाठी रेंगाळलात तर ती गेलेली असते. मग वीसेक किलोमीटर रिक्षाचे पैसे. अलिबागच्या स्टँडवरून रेवदंडा किंवा मुरुडची एसटी पकडा, किंवा मिनीडोर. मिनीडोर म्हणजे सहा आसनी रिक्षा, ज्यात सहाजण कधीच नसतात.

गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून सुरू झालेली. तीही तासाभरात मांडव्याला सोडते. रस्त्याने शुक्रवारी संध्याकाळी निघू नका. पेण-वडखळच्या रांगेत जितका वेळ जातो तितक्यात रो-रो जाऊन परत येते.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, साधारण जून ते ऑगस्टअखेर. रो-रो हवामान बघून चालते. परतीची शेवटची लाँच किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा आणि रविवारी तिच्यावर विसंबू नका, त्या रांगेत अर्धी मुंबई उभी असते.

हिवाळ्यात लाँचच्या मागे पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे येतात. लोक त्यांना कुरकुरे भरवतात आणि पोरं टाळ्या वाजवतात. तुम्ही भरवू नका. थंडी घालवायला लांबून आलेले पाहुणे आहेत, त्यांना मासे खाऊ द्या.

पहिली दुपार: आक्षी

सामान टाकून जेवलात की लगेच किल्ल्याकडे धावायची गरज नाही. एसटीने किंवा भाड्याच्या सायकलने आक्षीला जा. सुरूच्या बनातून किनारा गाठायचा आणि ओसरत्या भरतीच्या ओल्या वाळूत चालायचं. किनाऱ्यावरचे छोटे पक्षी बघायला यासारखी जागा जवळपास नाही, दुर्बीण असेल तर आणा.

पण आक्षीला जायचं खरं कारण एक दगड आहे. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातला हा शिलालेख, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ मधला, असं वाचन शं. गो. तुळपुळे यांनी केलं. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतात. श्रवणबेळगोळच्या "चावुंडराजें करवियलें" ला ज्येष्ठपणाचा मान द्यायचा की याला, यावर अभ्यासक वाद घालत आलेत. वर चंद्र-सूर्य, खाली ओळी, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. हजार वर्षांपूर्वीची मराठी आपल्याला पहिल्यांदा भेटते ती सरकारी दानाच्या लेखात आणि शिवीत, याचं मला दर वेळी हसू येतं. गावात कोणालाही "शिलालेख कुठे?" म्हणून विचारा, दाखवतील.

दुसरी सकाळ: कुलाबा

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर हजर. वाळू संपली की खडक लागतात आणि खडकांवर कालवं. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. अनवाणी चाललात तर तळव्यावर आधी पांढरी रेघ दिसते, मग ती लाल होते, आणि मीठ लागलं की कळतं काय झालंय ते. रबरी सँडल, मागे पट्टा असलेली, हाच योग्य जोडा; साधी चप्पल चिखलात राहते आणि बूट दोन दिवस वाळत नाहीत. शेवाळलेल्या हिरव्या दगडावर पाय देऊ नका, खरबरीत काळ्यावर द्या. पोटरीभर पाणी असेल तर चालायचं. मांडीला लागलं तर थांबायचं. घोडागाड्याही नेतात, म्हाताऱ्या माणसांसाठी ती सोय चांगली.

पंधरा-वीस मिनिटांत महादरवाजा येतो. कमानीवरचं कोरीव काम डोकं वर करून बघायचं, सगळे खाली मोबाइलमध्ये बघत आत जातात. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, महाराज त्याच वर्षी गेले, आणि ते पुरं केलं संभाजी महाराजांनी. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याला आरमाराचं ठाणं केलं. १७२१ मध्ये मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन चालून आले आणि हात हलवत परत गेले.

समुद्राकडच्या तटाजवळ जा आणि दगडांच्या सांध्यांत बोट घालून बघा. चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, जोर मोडतो आणि तट जागचा हलत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड टाकून जे काम करतात तेच हे, अडीचशे-तीनशे वर्षं आधीचं.

आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, गणेशपंचायतन. शेजारी पुष्करणी. आणि गोड्या पाण्याची विहीर, जिच्याशी उभं राहून माणूस चारही बाजूंच्या खाऱ्या पाण्याकडे बघतो आणि मग विहिरीत वाकतो. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव वाचता येतं. शेजारचा छोटा सर्जेकोटही बघा, तिकडे कोणी फिरकत नाही.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं. आत जास्तीत जास्त तास-सव्वा तास. ओहोटीची वेळ उलटून तास होण्याच्या आत परतीच्या वाटेला लागा. पाणी समोरून चढत नाही, ते दोन्ही बाजूंनी येतं आणि मधली वाळू गायब होते. एकदा मी तोफांचे फोटो काढत बसलो आणि परतीला होडी करावी लागली. होडीवाला जितके मागेल तितके द्यावे लागतात. घासाघीस करायला आपल्या पायाखाली जमीन लागते.

मग शहर, उन्हं चढायच्या आत

कान्होजींचं निधन १७२९ मध्ये झालं. त्यांची समाधी शहरातच आहे. तिथून पुढे चुंबकीय वेधशाळा, बाहेरूनच बघायची. तिची गोष्ट मात्र मुंबईची आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, विजेने सुया हलणार हे दिसलं, आणि १९०४ मध्ये ते काम अलिबागला आलं. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून अलिबागच्या कुलाब्याला. आधी जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं, त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना डोकं गरगरतं.

इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली हा मराठी बोलणारा ज्यू समाज या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिला, तेल गाळायचा, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून शनिवार तेली. पूर्वजांचं जहाज फुटलं ते जवळच्या नवगावला, असं ते सांगत आले. तिथे स्मारक आहे. आत जायचं तर विचारून, आणि डोकं झाकून.

दुपारी झोपा. खरंच झोपा, वाडीत दुपारी दुसरं काही करायचं नसतं. संध्याकाळी चौलच्या रामेश्वराला जा. तळं, दीपमाळा, मंदिरात कुंडं. पाऊस ओढ देतो तेव्हा त्यातलं पर्जन्यकुंड उघडायची प्रथा आहे. चौल हे दोन हजार वर्षांचं बंदर. ग्रीक खलाशांच्या नोंदींतही त्याचं नाव सापडतं, आणि १४६९ मध्ये अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे घोडा घेऊन उतरला होता. आज तिथे एसटी थांबा आणि केळीची दुकानं आहेत. बंदर शोधत फिरू नका, गाळाने केव्हाच बुजलं.

तिसरा दिवस: रेवदंडा आणि कोर्लई

रेवदंड्याला किल्ला कुठे आहे असं विचारलं तर लोक तुमच्याकडे बघत राहतील, कारण तुम्ही किल्ल्यातच उभे असता. पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत गाव वसलंय आणि रस्ता तट फोडूनच गेलाय. समुद्राकडे चालत गेलं की माडांमधून एक उंच, बारीक, पडका मनोरा दिसतो. त्याला सातखणी म्हणतात, सगळे खण आता शाबूत नाहीत. बुरूज वाटतो, पण तो चर्चचा मनोरा होता. तटाच्या भेगांतून वडाची मुळं उतरलीत. चढू नका, दगड सुटे आहेत.

खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की पाच-सहा किलोमीटरवर कोर्लई. कोळीवाड्याला वळसा घालून वाट दीपगृहाशी जाते, आणि दीपगृहामागून पायऱ्या वर. किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबट, चिंचोळी सोंड. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, आणि मधे तुम्ही. हा निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. १७३९ मध्ये वसई गेल्यावर पुढच्याच वर्षी कोर्लई आणि रेवदंडा दोन्ही मराठ्यांकडे आले. वर पडकं चर्च आहे, दारांवर पोर्तुगीज लेख आहेत. सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

उतरल्यावर गावात थोडं थांबा. इथली ख्रिस्ती कुटुंबं घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. मी दुकानात लिंबूपाणी पीत होतो आणि दुकानवाल्या काकू मुलाला त्या बोलीत रागावत होत्या. शब्द कळले नाहीत, पण अभ्यासाबद्दलच होतं.

मुरुड-जंजिरा याच दिवसात कोंबू नका. त्याला अख्खा दिवस लागतो, राजपुरीहून शिडाची होडी, पावसाळ्यात तीही बंद. खांदेरी पुढच्या वेळेस ठेवा: थळच्या किनाऱ्यावरून मासेमारीची होडी ठरवून जावं लागतं. १६७९ मध्ये याच बेटावरून इंग्रजांशी लढाई झाली, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा आहे.

परतताना

मांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनकेश्वर फाटा लागतो. पाय अजून शाबूत असतील तर मापगावातून सुमारे सातशे दगडी पायऱ्या चढा, पण उजाडताना. दहानंतर दगड तापतात. नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी असे थांबे घेत झाडीतून वर गेलं की पुष्करणी आणि शंकराचं देऊळ. वर कोकम सरबत मिळतं.

हिवाळ्यात आलात तर निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी पोपटीची फर्माईश करा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा मसाला लावलेलं कोंबडं, वर पुन्हा पाला, आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचे शिंतोडे मारले की चर्र आवाज होतो, त्यावरून झाली का ते ओळखतात. पाण्याचा थेंब आत जात नाही, सगळं पाल्याच्या वाफेवर. शेंगा सोलताना बोटं काळी होतात आणि तो वास दुसऱ्या दिवशी लाँचमध्येही येत राहतो.

फेब्रुवारीनंतर आलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. हा कांदा गोडसर, कच्चा खाता येणारा, आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून दुसरीकडचा पांढरा कांदाही याच नावावर खपवतात. घेताना वेणी बघा: अस्सल माळ कांद्याच्या स्वतःच्या सुकलेल्या पातीत गुंफलेली असते. एक कांदा फोडून चाखायला मागा, देतात. माळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, खांद्याला लटकवून आणा, आणि घरी आलात की वारा येणाऱ्या खिडकीत टांगा. आमच्याकडे ती गॅलरीच्या गजाला असते, तिथीचं कॅलेंडर टांगलंय त्याच्या शेजारीच.